ऑनलाइन आमच्या गावचा आरओ चालू आहे

मांजराकाठ (धागाकर्ता), ७ सप्टेंबर २०२५, रात्री १०:१२

मंडळी, रामराम.

गाव बीड जिल्ह्यात, मांजरेच्या काठाला. पोटासाठी पुण्यात. महालक्ष्म्यांना गावी गेलो होतो. दुपारी पुरणाचं जेवण अंगावर येऊन आडवा झालो, तेवढ्यात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला : 'आपल्या ग्रामपंचायतीला किती निधी आला आणि कुठे गेला, घरबसल्या पाहा.' असले मेसेज एरवी उघडत नाही. त्या दिवशी झोप येईना म्हणून उघडला.

ई-ग्रामस्वराज. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाचं संकेतस्थळ, एप्रिल २०२० पासूनचं. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, वर्ष असं निवडत गेलं की गावाचा आराखडा समोर येतो. पासवर्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही. नावं इंग्रजीत आणि तीही कुणीतरी घाईत टाइप केलेली. भूमिगत गटार, शाळेची रंगरंगोटी, कचराकुंड्या. त्यात एक ओळ : आरओ प्लांट, ३ लाख २० हजार. दोन वर्षांपूर्वीचं काम, शेरा 'पूर्ण'.

आता तो आरओ. शाळेच्या भिंतीला लागून पत्र्याची निळी खोली आहे. पाच रुपयांचं नाणं टाकायला फट आहे, त्या फटीत कुणीतरी आगपेटीची काडी मोडून ठेवलीय. कुलूप गंजलंय. जाळीतून डोकावलो तर आत शाळेची मोडकी बाकं, टाकीवर कबुतरांचा संसार आणि नळाला लावलेलं प्लास्टिकचं वेष्टण अजून तसंच. त्या नळातून पाणी येताना गावात कुणी पाहिलेलं नाही. लोक वीस रुपयांचा जार विकत घेतात.

सरळ सांगतो, डोकं फिरलं. तीन लाख वीस हजार खाल्ले ना! सरपंच आहेत %%%%%%% आणि त्यांचे %%%%%%%.

विचारायचं होतं ते हे : अशी आणखी कोणती साधनं तुम्ही वापरता? आणि वापरून कधी काही हाती लागलं का, की नुसताच रक्तदाब वाढतो?

व्यवस्थापन, ७ सप्टेंबर, रात्री १०:५५

धाग्यातली व्यक्तींची नावं उडवली आहेत. गावाचं नाव, हुद्द्यासकट व्यक्ती, फोन नंबर, जॉबकार्ड नंबर असलं काही टाकू नये. चर्चा चालू द्या.

रोखठोक परभणीकर, ७ सप्टेंबर, रात्री ११:२०

आला धागा. सणाला चार दिवस गावात यायचं, पोळ्या हाणायच्या आणि पुण्याला गेल्यावर गावाचं ऑडिट करायचं. ग्रामसभेला शेवटचं कधी बसला होतात, तेवढं सांगा.

मांजराकाठ, ७ सप्टेंबर, रात्री ११:३१

@रोखठोक, कधीच नाही. पुढचं बोला.

कारकुनी काडी, ८ सप्टेंबर, सकाळी ७:०५

धागाकर्ते, आधी पाणी प्या. (जारचं चालेल.)

मी पंचायत समितीच्या लेखा शाखेत उभी हयात काढली आहे, म्हणून हक्काने सांगतो. तुम्ही पाहिलेला ३ लाख २० हजारांचा आकडा आराखड्यातला आहे. आराखडा म्हणजे ग्रामसभेने 'एवढं करू' म्हणून ठरवलेलं. खर्च नव्हे. व्हॉट्सॲपवरचे ते मेसेज हीच गल्लत करून गावोगाव मारामाऱ्या लावतात. त्याच संकेतस्थळावर प्रमाणकांची, म्हणजे व्हाउचरांची वेगळी यादी असते. तारीख, रक्कम, पैसे कुणाला गेले, सगळं. ती काढा, मग शिव्या द्या.

दुसरं, पैसा कसा सुटतो ते बघा. वित्त आयोगाच्या पैशाचा धनादेश आता फाडला जात नाही. दोन डिजिटल सह्या लागतात, एक ग्रामसेवकाची, एक सरपंचाची. (ग्रामसेवकाला २०२४ पासून 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणायचं आणि तलाठ्याला 'ग्राम महसूल अधिकारी'. पाट्या बदलल्या, माणसं तीच.) ती सही पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असते. कागदावर व्यवस्था चोख आहे : एकाने बिल टाकायचं, दुसऱ्याने तपासायचं. प्रत्यक्षात दोन्ही डोंगल एकाच टेबलाच्या एकाच खणात. सरपंचबाई असतील तर बऱ्याच ठिकाणी त्यांचं डोंगल त्यांनी डोळ्यांनीही पाहिलेलं नसतं. आणि हे सगळं टाइप करणारा तो संगणक परिचालक, तुटपुंज्या मानधनावरचं पोरगं. त्याला सांगितलं 'पूर्ण टाक', त्याने 'पूर्ण' टाकलं.

तिसरं, पंधराव्या वित्त आयोगाने निधी बंधित आणि अबंधित असा वाटला, ६० आणि ४० टक्के. बंधित पैसा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. म्हणूनच गावोगाव आरओ आणि कचराकुंड्यांचं पीक आलं. गरज असो नसो, त्या हेडखाली पैसा पडून आहे ना!

जोंधळ्याची भाकर, ८ सप्टेंबर, दुपारी २:४०

कचराकुंड्यांवरून आठवलं, आमच्या गावातल्या दोन कुंड्या सध्या एका घरी ज्वारी ठेवायला आहेत. झाकण छान बसतं म्हणे.

मी धाराशिवची. माझं साधन रेशनचं. राज्याच्या ई-पॉसच्या, म्हणजे रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनच्या संकेतस्थळावर बारा अंकी शिधापत्रिका क्रमांक टाकला की त्या कार्डावर त्या महिन्यात किती धान्य उचललं ते दिसतं. सासूबाईंचं अंत्योदय कार्ड, म्हणजे महिन्याला ३५ किलो. २०२३ पासून फुकट. सासूबाई पोतं आणायच्या आणि मी ते ओट्यावर ठेवताना मला वाटायचं, हे ३५ नाही. घरच्या काट्यावर घातलं, २९ भरलं. ऑनलाइन पाहिलं तर ३५.

सासूबाईंना दाखवलं. त्यांनी काय करावं? मोबाईल नेला नाही, काही नाही. पुढच्या महिन्यात दुकानात गेल्या, मशीनवर अंगठा ठेवायच्या आधी विचारलं, "किती मापणार?" आधी माप, मग अंगठा. एवढंच. रांगेतल्या बाकीच्या बायकांनीही अंगठे पदराखाली घेतले. त्या दिवशी ३५ मिळालं. पुढच्या महिन्यात ३४. चालायचंच, पण २९ नाही.

जे ऑनलाइन दिसत नाही तेही सांगते. आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना आधी स्वस्त धान्य मिळायचं. आत्महत्याग्रस्त म्हणून राज्यातले जे चौदा जिल्हे धरले, त्यात आपण. २०२३ पासून धान्याऐवजी माणशी दीडशे रुपये खात्यावर द्यायचं ठरलं. आमच्या शेजारच्या काकांचे कधी आले, कधी नाही, ते बँकेचं पासबुक भरून आणल्याशिवाय कळत नाही. धान्याची उचल दाखवणाऱ्या मशीनवर ह्या पैशाचा मागमूस नाही. म्हणजे वस्तू मिळत होती तेव्हा भांडायला दुकान तरी होतं.

रोखठोक परभणीकर, ८ सप्टेंबर, दुपारी ३:१०

आधी माप, मग अंगठा. ताई, हे पटलं. आईला सांगतो.

मांजराकाठ, ८ सप्टेंबर, रात्री ९:४८

@कारकुनी काडी, कान पकडतो. प्रमाणकं काढली. आरओच्या नावाने एकच आहे, १ लाख ३८ हजार, एका पुरवठादाराला. बाकीचे १ लाख ८२ हजार खर्चलेच गेलेले नाहीत. म्हणजे मी वर ज्यांच्या नावाने बोंब मारली त्यांनी निदान तीन लाख वीस हजार खाल्लेले नाहीत. व्यवस्थापनाने नावं उडवली ते बरं केलं.

पण मग ती खोली? यंत्र आलं, पैसे गेले, पाणी आलंच नाही. 'पूर्ण' कसं?

कारकुनी काडी, ९ सप्टेंबर, सकाळी ६:५०

यंत्र बसवणं हे काम होतं, ते 'पूर्ण'. पाणी देणं हे काम कुठल्याच ओळीत नव्हतं. वीजजोडणी कुणी घ्यायची, महिन्याचं बिल कुणी भरायचं, फिल्टर कुणी बदलायचा, हे आराखड्यात नाही. पोर्टल ज्या रकान्याला विचारतं त्याचंच उत्तर देतं.

आता माहितीचा अधिकार वापरा. कलम ६(१). 'आरओची माहिती द्या' असं लिहू नका, उत्तर येईल 'मोघम'. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज १५० शब्दांत आणि एका विषयापुरता. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रत पानाला दोन रुपये. मागायचं ते हे : ह्या कामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मापन पुस्तिकेची पानं, पुरवठादाराचं देयक, हमीपत्र असेल तर त्याची प्रत. रोकड वही म्हणजे नमुना पाच, त्यातली त्या महिन्याची पानं. तीस दिवसांत उत्तर नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. दुसरं अपील नव्वद दिवसांत, आपल्याकडे ते माहिती आयोगाच्या संभाजीनगर खंडपीठात. तिथे थोडा दम धरा. थोडा म्हणजे बराच.

हमीपत्राला विसरू नका. पुरवठादाराकडून आलेल्या यंत्राला हमी असते, आणि हमीचा काळ संपला की सगळेच सुटतात.

चाकण ते चाकूर, ९ सप्टेंबर, रात्री ११:०२

आता माझी गंमत ऐका. मी चाकणला कंपनीत. रोजगार हमीच्या संकेतस्थळावर गाव टाकलं की जॉबकार्डं, मस्टर म्हणजे हजेरीपट, कुणाला किती दिवस आणि किती पैसे, सगळं उघडं दिसतं. एका रात्रपाळीत सहज आमचं गाव टाकलं. सिंचन विहिरीच्या मस्टरवर माझा सख्खा मावसभाऊ. दोन आठवडे हजर, एकही खाडा नाही. आणि मावसभाऊ माझ्या शेजारच्या लाइनवर, हेल्मेट घालून, वडापाव खात उभा!

त्याला दाखवलं तर म्हणाला, "मग? पैसे आले खात्यावर, काढून विहीरवाल्याला दिले. त्याला कागदाला माणसं लागत होती."

आता खरी गोष्ट. विहीर झाली. चांगली झाली. पाणीही लागलं, त्या माणसाने यंदा त्यावर हळद घेतलीय. पण खणली पोकलेनने आणि फोडली सुरुंगाने. काळा पाषाण आहे हो, २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजावर कोण फोडणार आणि किती वर्षं फोडणार? योजनेत मजुरी आणि साहित्याचं प्रमाण साठास चाळीस राखावं लागतं आणि यंत्र चालत नाही. म्हणून कागदावर मजूर उभे करायचे आणि रानात यंत्र. पोर्टल उघडून बघाल तर हा घोटाळा. रानात जाऊन बघाल तर मराठवाड्यातल्या एका कोरडवाहू माणसाला मिळालेली विहीर. मी तक्रार करू की नको, ह्यावर माझं आणि बायकोचं भांडण अजून मिटलेलं नाही. ती म्हणते कर. विहीर तिच्या माहेरच्यांची नाही म्हणून म्हणते, असं माझं मत. हे तिला सांगितलेलं नाही.

उदगीर बॉर्डर, १० सप्टेंबर, सकाळी ९:१५

@चाकण, तुमचा भाऊ जुन्या काळचा. २०२३ च्या जानेवारीपासून सार्वजनिक कामांवर मोबाईल ॲपवर हजेरी आहे, दिवसातून दोन फोटो, जागेच्या अक्षांश-रेखांशासकट. त्यावरही आपल्या लोकांनी उपाय शोधलाच. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच २०२५ च्या जुलैत राज्यांना पत्र लिहून सांगितलं की कामाशी संबंध नसलेले फोटो चढतायत, जुन्या फोटोचा फोटो काढून टाकला जातोय, खरे मजूर आणि फोटोतले मजूर जुळत नाहीत. आता फोटो माणसांनी तपासायचे म्हणे. त्यासाठी माणसं कुठली, तेवढं पत्रात नाही.

आमच्याकडे बिदर पलीकडेच आहे म्हणून सांगतो. कर्नाटकाने २०२१ पासून 'माहिती कणज' नावाचं एकच पोर्टल केलंय. कणज म्हणजे आपली कणगी. पेन्शन, रेशन, पंचायत, सगळी खाती एका दारातून, आणि कन्नडमध्ये. राजस्थानचं 'जन सूचना पोर्टल' त्याआधीचं, १३ सप्टेंबर २०१९ चं. ते काही कुणा सचिवाला सुचलं म्हणून झालं नाही. ब्यावरला १९९६ मध्ये चाळीस दिवस लोक रस्त्यावर बसले होते, मस्टरची आणि बिलांची प्रत द्या म्हणून. तिथून माहिती अधिकाराची मागणी वाढली आणि तिथूनच पुढे 'मागायची वेळ का यावी, आधीच लावा भिंतीवर' इथवर गाडी आली. माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये हेच लिहिलंय. सतरा बाबी आपणहून जाहीर करायच्या.

महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा २००२ चा, केंद्राच्या तीन वर्षं आधीचा. एवढं पुढे असून आपल्याकडे ई-ग्रामस्वराज वेगळं, रोहयो वेगळं, रेशन वेगळं, सातबारा वेगळा. प्रत्येक ठिकाणी गावाचं स्पेलिंग वेगळं. आमचं गाव एका ठिकाणी 'डब्ल्यू'ने आहे, एका ठिकाणी 'व्ही'ने. आधी आपलं गाव सापडणं हाच मोठा पराक्रम.

नाथसागर, १० सप्टेंबर, दुपारी १२:३०

सगळीच पोर्टलं फसवी असतात असा सूर लागतोय म्हणून लिहितो. मी पैठणचा. आमच्याकडे शेंबडं पोरही जायकवाडीचा आकडा सांगतं. जलसंपदा विभाग रोजचा साठा ऑनलाइन टाकतो, आणि त्यावर आम्ही भांडतो, कारण त्या आकड्याला कायद्याचं टोक आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात कलम १२(६)(ग) आहे, तुटीच्या वर्षी वरच्यांनी खालच्यांना समन्यायी वाटा द्यायचा. मेंढेगिरी समितीने कोष्टक दिलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत किती साठा आहे ते बघायचं आणि ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून किती सोडायचं ते ठरवायचं.

२०२३ ला पाऊस रुसला. ३० ऑक्टोबरला गोदावरी महामंडळाचा ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला. प्रकरण वर कोर्टापर्यंत गेलं, पाणी हलायला नोव्हेंबरचा शेवट आला, वाटेत किती जिरलं ते वेगळंच. पण कुणी 'साठा किती आहे ते आम्हाला माहीत नाही' असं म्हणू शकलं नाही. रोजचा आकडा गावोगाव मोबाईलमध्ये होता. यंदा धरण भरलंय, त्यामुळे आम्ही सध्या सभ्य माणसं आहोत.

ग्रामपंचायतीच्या 'पूर्ण' शेऱ्याला असं कुठलं टोक आहे? नाही. म्हणून कुणी पर्वा करत नाही.

कोरडवाहू, २४ सप्टेंबर, रात्री ८:२०

धागा खाली गेला होता, वर काढायलो. कारण तुम्हाला माहीतच आहे. सोयाबीन पाण्यात हाय. आमच्या हिंगोलीकडं तरी बरं म्हणायचं, धाराशिव-बीडकडली चित्रं बघवत नाहीत. मांजराकाठ, तुमच्याकडं काय हाल?

माझं साधन पाऊस. कृषी खात्याचं महारेन म्हणून संकेतस्थळ हाय, महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस दिसतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी. पण मापक मंडळाला एक. मंडळात गावं पंधरा-वीस. पाऊस काय मंडळाच्या हद्दी बघून पडतो व्हय? परवा आमच्या शिवारात ढगफुटीवानी पडला, बांध फुटले, मातीसगट सोयाबीन ओढ्याला गेलं. मापक दोन कोसावर. तिथला आकडा ४१.

दोन वर्षांखाली असंच झालं तवा आम्ही तिघा-चौघांनी एक केलं. परभणीवरून साधं काचेचं पर्जन्यमापक आणलं, उघड्या रानात खांबाला ठोकलं. रोज सकाळी साडेआठला बघायचं, कारण हवामान खात्याची वेळ बी तीच. वहीत लिहायचं, फोटो ग्रुपवर टाकायचा. माझा पोरगा आठवीला हाय, त्याच्याकडं ते काम. त्यानं एक दिवस खाडा केला तर तिथं 'शाळेची सहल' असं लिवलंय, आकडा मनानं टाकला नाही. मला लई बरं वाटलं.

ह्या वहीला सरकारी किंमत शून्य. पण काल तलाठी पंचनाम्याला आले, ते 'मंडळात अतिवृष्टी नाही' म्हणायले. वही पुढं केली. त्यांनी उलटून-पालटून बघितली आन् म्हणले, "शिवारात चला." बस्स, तेवढंच पाहिजे होतं. यंदा एक रुपयाचा पीकविमा गेला, विम्याची भरपाई आता पीक कापणी प्रयोगावर. म्हंजे अतिवृष्टीचं जे काय मिळायचं ते सरकारी पंचनाम्यावर. तलाठी रानात आलाच न्हाई तर मंग काय?

मांजराकाठ, २४ सप्टेंबर, रात्री ११:१५

@कोरडवाहू, मांजरेचं पाणी आमच्या खालच्या आळीत शिरलं होतं. माणसं-जनावरं सुखरूप. रान गेलं. उद्या निघतोय गावाला.

गंमत म्हणू की काय, त्या पाण्यात गावची नळयोजना बंद पडली आणि आरओची निळी खोली उंचावर असल्याने कोरडी आहे. यंत्राला ओलही लागलेली नाही.

रोखठोक परभणीकर, २४ सप्टेंबर, रात्री ११:२२

सांभाळून जा. मागचं मनावर घेऊ नका. टेम्पोभर चारा निघालाय आमच्याकडून, त्या बाजूला पोचायला मोकळा रस्ता कुठला ते व्यक्तिगत निरोपात कळवा.

सातबारा, २६ सप्टेंबर, सकाळी १०:४०

मूळ मुद्द्यावर एक चिंता. ह्यातलं बरंचसं आपण बघू शकतो ते मस्टरवर आणि प्रमाणकावर नाव असतं म्हणून. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदलायची तरतूद आहे. मूळ कलमात, माहिती वैयक्तिक असली तरी तिचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर द्यावी लागायची. बदलात नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरतं. उद्या अधिकारी म्हणेल, पुरवठादाराचं नाव वैयक्तिक आहे.

कारकुनी काडी, २६ सप्टेंबर, दुपारी १:००

म्हणतीलच. आजही म्हणतात. कलम ८(२) दाखवायचं, लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते. पण आधी 'द्यावीच लागेल' होतं, आता 'देता येईल'. आमच्या टेबलावर ह्या दोन शब्दांत एक अख्खी नोकरी मावायची.

जोंधळ्याची भाकर, ५ ऑक्टोबर, सायंकाळी ६:३०

धागाकर्ते, २ ऑक्टोबरची ग्रामसभा झाली का? आमच्याकडे दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आल्याने ग्रामसभेला शिपाई आणि एक कुत्रं होतं.

मांजराकाठ, ५ ऑक्टोबर, रात्री १०:२०

आमच्याकडेही तेच. १५ टक्के मतदार किंवा शंभर, यातलं जे कमी ते गणपूर्तीला लागतं. दसऱ्याला शंभर माणूस कुठून आणायचं? अकरा जण होतो, मी धरून. तहकूब. पण @कारकुनी काडी यांनी फोनवर सांगितलं की तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून थांबलो. रजा वाढवली, साहेब चिडलेत.

दरम्यान पुण्यातून आणलेले कागद, म्हणजे प्रमाणकांची यादी, मारुतीच्या पारावर नेले. माझा बेत असा होता की मोबाईलवरच दाखवावं. चुलते म्हणाले, "मोबाईल एकजण बघतो. कागद दे." आप्पांचं शिक्षण सातवी, पण वाचतात स्पष्ट. एकेक ओळ वाचायची आणि थांबायचं. "भूमिगत गटार, अमुक आळी, एवढे रुपये." त्या आळीतलं कुणीतरी म्हणायचं, झालंय. किंवा हसायचं. शाळेच्या रंगाला हसले नाहीत, रंग खरंच दिलाय. गटार अर्धी आहे, अर्ध्याचेच पैसे गेलेत, हेही तिथेच निघालं. दोन तास चाललं. सरपंचांचे दीर येऊन मागे उभे राहिले, मग बसले, मग त्यांनीच सांगितलं की आरओची वीजजोडणी ग्रामपंचायतीच्या थकीत बिलापायी अडली. दोन वर्षं हे कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नव्हतं. मी ज्यांच्या नावाने धाग्यात बोंब मारली होती ते हेच. चहा त्यांनीच पाजला. घशाखाली उतरायला वेळ लागला.

माहितीचा अर्ज टाकलाय, पोच आहे. हमीपत्र निघतं का बघू.

चाकण ते चाकूर, ५ ऑक्टोबर, रात्री १०:४१

विहीर वाचली का पारावर?

मांजराकाठ, ५ ऑक्टोबर, रात्री १०:४४

नाही. ती वहिनींना विचारून सांगा, मग वाचतो.

मांजराकाठ, १२ ऑक्टोबर, रात्री ९:०५

तहकूब सभा झाली. सत्तर-पंच्याहत्तर माणसं, बायका वीसेक, ज्या पहिल्यांदाच आत येऊन बसल्या. वीजबिल आधी भरायचं आणि जोडणी महिनाभरात घ्यायची, असं ठरावात आलं. 'पूर्ण' हा शेरा बदलता येतो का, असं मी संगणक परिचालकाला विचारलं. तो म्हणाला, "दादा, त्याला बटनच नाही." मग त्याने स्वतःहून आरओच्या कुलपाचा फोटो काढून ठरावाला जोडला. ग्रामसेवकांनी काही म्हटलं नाही.

आज पुण्याला परतलो. बस पुण्याच्या अलीकडे होती तेव्हा आप्पांचा फोन आला. म्हणाले, खालच्या आळीतले लोक म्हणतायत त्यांच्यापुढे वाचलंच नाही, पुरामुळे ते वरच्या शाळेत होते. "येताना अजून धा झेरॉक्स आण. आन् ह्या बारीला अक्षर मोठं काढ, माझे डोळे पुरत नाहीत."